सेल्वाज्जो ब्लू, सार्डिनिया: वाट, दोर, पाणी आणि बोट (माहिती व चर्चा)

कातळवेडा

‘सेल्वाज्जो ब्लू’ या किनाऱ्यावरच्या अवघड डोंगरवाटेबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. म्हणून हा एकच धागा. सूर्यास्ताची वर्णनं नकोत, कामाचं तेवढंच लिहूया.

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ओरोसेईच्या आखाताच्या दक्षिण अंगाला, बाउनेई गावाच्या हद्दीत चुनखडीचं पठार थेट समुद्रात तुटतं. त्या तुटलेल्या कडेने ही वाट जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारिओ वेरिन आणि पेप्पिनो चिकालो यांनी धनगरांच्या आणि कोळसा पाडणाऱ्यांच्या जुन्या पायवाटा जोडून ती आखली. पेद्रा लोंगा या १२८ मीटर उंचीच्या सुळक्यापासून काला सिसिने या पुळणीपर्यंत साधारण ४० किमी. काहीजण अलीकडून, सांता मारिया नावारेझे गावातून निघतात. तिथून पेद्रा लोंगापर्यंतचा तुकडा सोपा आहे आणि पाय मोकळे करायला बरा.

नेहमीचे मुक्काम असे: पेद्रा लोंगाहून निघून गिरादिलीच्या कड्यावरचा रुंद पदर (कड्याच्या मध्यातली पट्टी) चढत पठारावरच्या धनगरी गोठ्यापर्यंत, मग पोर्तो कुआउ, मग काला गोलोरित्झे, मग बाकू मुदालोरू, मग काला बिरियाला आणि शेवटी सिसिने. तगडे गट चार दिवसांत संपवतात. पाच-सहा दिवस धरावेत.

किलोमीटर बघून बेत आखलात तर फसाल. अवघड टप्प्यांत ताशी एक किलोमीटर हा चांगला वेग समजायचा. पायाखाली सपाट जमीन नाही, पावसाने कोरलेल्या चुनखडीची धारदार पाती आहेत. पहिल्याच दिवशी समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर चढायचं असतं, तेही पाणी आणि दोर यांचं पूर्ण ओझं पाठीवर असताना.

---

शंकेखोर

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे. तीन शंका:
१) सह्याद्रीतली सांधण दरी आणि धबधब्यांची रॅपलिंग (दोरावरून उतरणं) केलेल्यांना दोराचं काम जमेल का?
२) रॅपल टाळून जाता येतं का?
३) पाणी माणशी किती?

---

दोरखंड

तुमच्या १ आणि २ ला एकत्र उत्तर देतो.

रॅपल टाळता येत नाहीत. बहुतेक सगळे गोलोरित्झेच्या पुढे, उत्तरार्धात आहेत. काही जेमतेम १०-१५ मीटरचे, सर्वात लांब सुमारे ४५ मीटरचा. चढाईचे तुकडे छोटे आहेत, यूआयएए या गिर्यारोहण महासंघाच्या श्रेणीत चारपर्यंत. उघड्यावरच्या चिंचोळ्या पट्ट्या बऱ्याच, त्यामुळे ज्यांना दृष्टीभय (खाली खोल दिसलं की वाटणारी भीती) आहे त्यांनी विचार करावा.

सांधणला आयोजक अँकर (दोर बांधायचा कातळातला आधार) लावून देतात, वर एक माणूस बिले देतो (वेगळ्या दोराने सांभाळतो), खाली दुसरा दोर धरून असतो. इथे ते सगळं तुम्हीच. गटातल्या किमान दोघांना अँकर तपासणं, दोर जोडणं, अडकलेला दोर सोडवणं आणि दोरावरून परत वर चढणं हे न विचारता करता आलं पाहिजे. फक्त उतरता येणं पुरेसं नाही.

दोराचा हिशोब साधा आहे. दोर दुहेरी टाकायचा, खाली पोचून एक टोक ओढून घ्यायचं. म्हणजे ६० मीटरचा एकच दोर ३० मीटर उतरवतो. ४५ मीटरसाठी ५० मीटरचे दोन हवेतच, ८ ते ८.५ मिमी जाडीचे. ६० चे नेले तर थोडी सूट मिळते, वजन वाढतं.

माणशी सामान: हेल्मेट, हार्नेस, डिसेंडर (दोरावर वेग आवरणारं साधन), दोन लॉकिंग कॅराबिनर, अँकरला अडकवायचा लॅनयार्ड, ६ मिमी प्रुसिकचे (दोराला आवळून धरणाऱ्या गाठीचे) दोन फास, १२० सेंमीची एक स्लिंग (पट्टीचा फास). गटात मिळून: सात मिमीची पाच-सहा मीटर कॉर्ड, तीन-चार स्क्रू-लिंक (पेचाने बंद होणाऱ्या कड्या), सुरी. शेवटच्या तीन गोष्टी जुने, कुजलेले फास कापून नवे बांधायला लागतात.

---

म्युनिककर

दोरखंड, सहमत, पण दोन जाड दोर कशाला? ६० मीटरचा एक पूर्ण दोर आणि ओढण्यासाठी ६ मिमीची ६० मीटर कॉर्ड पुरते. ६० च्या दोन दोरांपेक्षा वजन कमी होतं आणि इथे प्रत्येक किलो म्हणजे तितकं पाणी.

---

दोरखंड

आल्प्समध्ये चालेल, इथे मी सुचवणार नाही. कारणं दोन. बारीक कॉर्ड वाऱ्यावर उडते आणि कड्यावरच्या जुनिपरच्या फांद्यांत जाऊन बसते. दुसरं म्हणजे चुनखडीला पाण्याने पडलेल्या उभ्या पन्हळी असतात, त्यांत गाठ पाचर बसल्यासारखी अडकते. दोर निम्मा ओढून झाल्यावर अडकला आणि हातात फक्त ६ मिमीची कॉर्ड राहिली, तर तिच्यावर भरवसा ठेवून वर चढणार का? हातात पूर्ण जाडीचा दोर असेल तर निदान पुढचा छोटा रॅपल तरी करता येतो.

दोर अडकू नये म्हणून:

दोन दोर जोडायला साधी एकेरी गाठ (दोन्ही टोकं एकाच बाजूला), शेपटं ३० सेंमी सोडलेली. ही गाठ कडेवरून येताना आडवी पडून सरकते. डबल फिशरमन ही जाड गाठ इथे नको, ती खाचेत अडकते.

दोर खाली फेकू नका. हार्नेसला पिशवी लटकवा, पहिल्या माणसाने तिच्यातून दोर सोडत उतरावं. फेकलेला दोर हमखास झाडात.

पहिला माणूस खाली पोचल्यावर त्याने ओढायची बाजू हातभर ओढून बघावी. सरकत नसेल तर वर अजून माणसं आहेत, गाठ कडेच्या पलीकडे घ्यायला सांगता येतं. सगळे खाली आल्यावर हे कळून उपयोग नाही.

टोकांना गाठी मारायच्याच, आणि ओढण्यापूर्वी वर जाणाऱ्या टोकाची गाठ सोडायचीच. दुसऱ्या अर्ध्याचा विसर फार लोकांना पडतो.

१२ किलोच्या वरची सॅक पाठीवर घेऊन लटकत्या रॅपलवर उतरलात तर ती मागे उलटी ओढते आणि पोट-दंड निम्म्यात संपतात. सॅक स्लिंगने हार्नेसच्या पुढच्या लूपला अडकवून पायांच्या मध्ये लोंबू द्या. डिसेंडरच्या खाली प्रुसिक लावलेला असू द्या, हात सुटला तरी थांबाल.

---

आडवाट

दोराची भीती लोकांना जास्त वाटते, पण इथली खरी अडचण वाट सापडण्याची आहे. मदतपथकं बोलवावी लागतात ती बरेचदा भरकटलेल्या, पाणी संपलेल्या लोकांसाठी.

खुणा तुरळक आहेत. कुठे निळ्या रंगाचा पुसट ठिपका, कुठे रचलेले चार दगड. आणि दगड रचणाऱ्यात चुकलेले लोकही असतात, त्यामुळे एका राशीवर विश्वास ठेवून घळीत उतरू नका. ढोरवाटांनी सह्याद्रीत जे होतं तेच इथे बकऱ्यांच्या वाटांनी होतं, फरक इतकाच की इथली ढोरवाट ८० मीटरच्या कड्यावर जाऊन संपते.

वाचायच्या खुणा तीन:

कोळसेवाल्यांची वाट. एकोणिसाव्या शतकात टस्कनीहून आलेल्या लोकांनी इथली जंगलं तोडून कोळसा पाडला. त्यांची वाट जनावर चालेल इतक्या उताराची, वळणं घेत जाणारी, खालच्या अंगाला दगड लावलेली असते. मध्येच खोलीएवढी गोल सपाट जागा लागते आणि माती उकरली की काळी निघते. ती दिसली तर तुम्ही जुन्या वाटेवर आहात.

जुनिपरचे ओंडके. कातळाला टेकवलेले, खाचा पाडलेले किंवा फांद्यांचे खुंट ठेवलेले. हे धनगरांचे जिने. एकावेळी एकच माणूस, पाय खुंटाच्या बुंध्याशी, अंग कातळाकडे, आणि सॅक आधी दोराने वर. जुनिपर लवकर कुजत नाही, पण ओंडका वर जिथे टेकलाय किंवा बांधलाय ती जागा हलते का ते खालून हलवून बघा.

कातळावरची झिजलेली खोबण. जिथे सगळ्यांचे हात लागतात तिथली चुनखडी गुळगुळीत आणि पिवळट होते. पावसात हीच जागा घसरते.

जीपीएस ट्रॅक हवाच, पण एक धोका ध्यानात ठेवा. कड्याजवळ निम्मं आकाश झाकलेलं असतं, त्यामुळे स्थान २०-३० मीटर इकडेतिकडे दाखवतं. एकाखाली एक असे दोन पदर नकाशावर एकाच रेषेत पडतात. पडद्यावर तुम्ही ‘ट्रॅकवर’ असता आणि प्रत्यक्षात ४० मीटर वरच्या चुकीच्या पट्टीवर. यावर उपाय म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक. प्रत्येक पुळणीवर उतरलात की तो शून्यावर लावून घ्या, समुद्रापेक्षा नेमका संदर्भ मिळणार नाही. ट्रॅकमधली उंची आणि मापकातली उंची १५ मीटरपेक्षा जास्त फरकाने चुकायला लागली की थांबा.

फोन विमान-मोडवर ठेवा. नेटवर्क बहुतेक घळींत नाहीच आणि फोन ते शोधण्यात बॅटरी संपवतो.

---

कातळवेडा

आडवाट यांच्या प्रतिसादाला जोडून एक: दोर ओढून घेतला की परतीची वाट बंद. म्हणून प्रत्येक मोठ्या रॅपलच्या खाली, दोर ओढण्याआधी थांबायचं. हाच रॅपल आहे का? पुढची वाट दिसते का? उरलेलं पाणी पुढच्या साठ्यापर्यंत पुरतं का? उजेड किती? चारांपैकी एकाचंही उत्तर पटलं नाही तर दोर तसाच ठेवून आधी एकाने पुढे बघून यावं. वीस मिनिटं जातात, जाऊ देत.

---

गारवा

शंकेखोर यांच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

वाटेवर पाणी नाही. ‘कमी आहे’ असं नव्हे, नाहीच. चुनखडी पाऊस पडताक्षणी आत शोषते, झरे फुटतात ते समुद्रपातळीला. गोलोरित्झेला असं गोडं पाणी किनाऱ्याशी वर येतं खरं, पण ते समुद्राच्या पाण्यात मिसळलेलं असतं, त्याच्या भरवशावर बेत आखू नका. किल्ल्यावर टाकं सापडेल ही सवय इथे घरी ठेवून या. गोठ्यांजवळ जनावरांसाठी साठवलेलं पाणी दिसलं तर ते धनगराचं आहे.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर या दिवसांत माणशी रोज ४ ते ५ लिटर धरा, स्वयंपाक धरून. चौघांना पाच दिवसांचे ८० ते १०० लिटर होतात. हे कोणी पाठीवर नेत नाही, म्हणून दोन पद्धती.

पहिली, बोटीने. सांता मारिया नावारेझेहून रबरी बोटवाले ठरलेल्या पुळणींवर पाणी-जेवणाच्या पिशव्या आणून देतात, कचरा परत नेतात. पोर्तो कुआउ, मुदालोरू, बिरियाला ही नेहमीची ठिकाणं. गोलोरित्झे मात्र संरक्षित निसर्ग-स्मारक आहे, तिथे बोटींना किनाऱ्याला लागायला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या मुक्कामाचं पाणी आदल्या ठिकाणाहून उचलायचं किंवा वरून आणायचं.

दुसरी, स्वतः आधी ठेवून येणं. गोल्गोच्या पठारापर्यंत गाडी जाते. तिथून गोलोरित्झेला उतरणारी रुळलेली वाट आहे, साडेतीन किलोमीटर आणि सुमारे ४७० मीटर उतार. तिच्या कडेला पाणी पुरून ठेवता येतं.

पुरलेलं म्हणजे खरंच पुरलेलं, वर दगड. या भागात मोकाट डुकरं, बकऱ्या आणि कोल्हे आहेत. पातळ प्लास्टिकची बाटली दिसली की डुक्कर ती फोडतंच. पाच लिटरचा जाड कॅन घ्या, झाकणाला टेप लावा, आणि खाणं कधीही पाण्याजवळ ठेवू नका, वासाने दोन्ही जातं. ठेवलेलं सगळं, रिकामे कॅन धरून, परत न्यायची जबाबदारी तुमची.

---

म्युनिककर

बोटीबद्दल एक महत्त्वाचं. हा किनारा पूर्वेला तोंड करून आहे. सार्डिनियात प्रसिद्ध असलेला मिस्ट्राल वायव्येकडून येतो, म्हणजे इथे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. कड्यांवर झोत जोरदार बसतात, पण किनाऱ्याजवळ लाटा फार उठत नाहीत. बोट बंद पडते ती सिरोक्को (आग्नेयेचा), लेवान्ते (पूर्वेचा) किंवा ग्रेकाले (ईशान्येचा) सुटला की. तेव्हा लाट सरळ पुळणीवर येते आणि वारा थांबल्यावरही एखाद-दुसरा दिवस ती राहते. त्यामुळे ‘आज वारा नाही, बोट येईलच’ हा समज चुकीचा. अंदाज बघताना वाऱ्याबरोबर लाटांची उंची आणि दिशाही बघा.

बेत असा आखावा की एक बोट चुकली तरी एक रात्र निघेल एवढं पाणी सॅकमध्ये असेल. माणशी ३ लिटर राखीव. हे वजन खटकतं, तरी न्यायचंच.

---

शंकेखोर

म्हणजे ४-५ लिटर चालू आणि ३ राखीव, वर दोर, वर जेवण. सॅक १८ किलोची झाली की!

---

गारवा

म्हणूनच बाकीचं कापायचं. तंबू नको, हलकी ताडपत्री आणि मॅट पुरते, गुहा आणि कपारी भरपूर आहेत. एप्रिल-ऑक्टोबरात ५ ते १० अंशांची झोपायची पिशवी चालते. कपड्यांचा एक जोड अंगात, एक सुका. पाण्याविना खाता येईल असं जेवण निम्म्या वेळेला ठेवा: तिथली पातळ कुरकुरीत कारासाऊ रोटी, पेकोरिनो चीज, सुकामेवा. भारतातून येत असाल तर खाकरा, चिक्की, भाजलेलं सत्तूपीठ उत्तम. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सोबत आणायला बंदी आहे, तेव्हा पेढे-बर्फी घरीच संपवा.

पाणी पिऊन संपत जातं, त्यामुळे १८ किलो फक्त सकाळी. दोराच्या दिवशी सकाळी १४ च्या वर नको.

---

दोरखंड

बुटांवर लिहायचं राहिलं. मऊ तळव्याचे धावायचे बूट इथे तिसऱ्या दिवशी फाटतात, कातळ करवतीसारखा आहे. घोट्यापर्यंतचे जाड ट्रेकिंग बूट टिकतात पण चढाईत पाय जाणवत नाही. कडक तळ, चिकट रबर आणि पुढे रबरी कड असलेले अ‍ॅप्रोच शूज सर्वात बरे. सोबत गोंदाची छोटी नळी आणि दोन मीटर कापडी टेप. चामडी हातमोजे रॅपललाही लागतात आणि चालतानाही, कारण तोल गेला की हात आपोआप कातळावर पडतो.

अँकरबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे सह्याद्रीचा अनुभव दिशाभूल करू शकतो. समुद्राच्या खारट हवेत आणि चुनखडीत स्टेनलेस स्टीलचे बोल्टही आतून तडकतात. क्षार आणि ताण एकत्र आले की धातूत केसासारख्या चिरा पडतात आणि वरून बोल्ट चकचकीत दिसतो. म्हणून अशा किनाऱ्यांवर टायटॅनियम वापरायची शिफारस होते, पण तुमच्या पुढ्यातला बोल्ट कशाचा आहे हे तुम्हाला माहीत नसतं. एका बोल्टवर कधी लटकू नका. दोन्ही बोल्ट साखळीने किंवा स्लिंगने जोडलेले हवेत. बोल्टखाली कातळावर तपकिरी ओघळ, हलणारा हँगर (बोल्टवरची भोकाची पट्टी), दोराने निम्मी झिजलेली कडी, उन्हाने पांढरी पडलेली स्लिंग, यातलं काही दिसलं की स्वतःची कॉर्ड जाड, जिवंत जुनिपरच्या बुंध्याला मुळाशी बांधून जोड द्या. सर्वात जड माणूस जोड असताना आधी उतरवा. सर्वात हलका शेवटी, आणि आधीच्यांच्या वजनाने अँकर जराही हलला नाही तरच त्याने जोड काढावी.

वेळ: चौघांच्या गटाला ३० मीटरच्या रॅपलला अँकर तपासण्यापासून दोर गुंडाळेपर्यंत ४० मिनिटं धरा. आठ जणांना त्याच्या दुप्पट. म्हणून चार ते सहापेक्षा मोठा गट नको.

---

आडवाट

आणि ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे त्या ४० मिनिटांत मिळवा. एप्रिलअखेर आठपर्यंत उजेड असतो. नवख्यांना मी वसंतच सुचवेन. शरद ऋतूत समुद्र उबदार असतो, पण पाऊस कोसळला तर झोडपतो. १८ नोव्हेंबर २०१३ च्या वादळी पावसाने बेटाच्या पूर्व भागात मोठी जीवितहानी झाली होती. पावसाचा इशारा असेल तर घळींच्या तोंडाशी मुक्काम करू नका, त्या पठारभर पडलेलं पाणी घेऊन येतात. जुलै-ऑगस्टचा विचारही नको.

---

शंकेखोर

आणि मधूनच सोडायची वेळ आली तर?

---

कातळवेडा

सर्वात सोयीची सुटका गोलोरित्झेहून. रुळलेल्या वाटेने दीड-दोन तासांत गोल्गोच्या पठारावरच्या सु पोर्तेद्दूच्या वाहनतळावर. म्हणूनच तिथे पोचल्यावर गटाची प्रामाणिक तपासणी करा: कोणाचा गुडघा, कोणाची भीती, किती पाणी. खरे रॅपल त्यानंतर सुरू होतात. मुदालोरूच्या घळीतूनही वर पठाराकडे निघता येतं, पण तो लांबचा पल्ला आहे. सिसिनेहून घळीच्या तळाने कच्चा रस्ता पठारावर जातो. रात्री पठारावर भटकायची वेळ आलीच तर सु स्तेरू हे सुमारे २७० मीटर खोल उभं विवर गोल्गोच्या चर्चजवळ आहे. त्याला कुंपण आहे, तरी माहीत असू द्या.

अपघात झाला तर ११२. डोंगरातली सुटका इटलीची आल्पाइन आणि गुहा बचाव पथकं करतात, त्यांचं ‘जिओरेस्क्यू’ नावाचं अ‍ॅप आधीच फोनवर घेऊन ठेवा. नेटवर्क नसतं तिथे उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र हाच खरा उपाय, चौघांत एक तरी हवं.

विम्याची अट बारकाईने वाचा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो बहुतेकांकडे असतो. पण त्यात ‘दोराचा वापर असलेलं गिर्यारोहण’ वगळलेलं असेल तर इथे त्याचा उपयोग शून्य.

---

गारवा

नियमांचं थोडक्यात: शेकोटी नाही, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तर आगीबाबत फार कडक असतात. पुळणींवर तंबू नाही. रेती-गोटे उचलायचे नाहीत, २०१७ पासून ५०० ते ३,००० युरो दंड आहे. गोलोरित्झेच्या पुळणीला तिकीट आणि रोजची मर्यादित संख्या आहे. मुक्काम आणि नोंदणीचे त्या हंगामाचे नियम बाउनेईच्या नगरपालिकेला विचारून मगच तारखा पक्क्या करा.

---

शंकेखोर

खूप आभार. आमच्या गटात दोघेजण दोरावर नवखे आहेत, त्यांना गोलोरित्झेला सोडून बाकीच्यांनी पुढे जावं असा विचार आहे. त्या दोघांना तेवढ्या दिवसांत काय करता येईल?

---

म्युनिककर

तो बेत चांगला, पण पूर्वार्धातही चढाईचे आणि उघड्यावरचे छोटे तुकडे आहेत, तिथे त्यांना दोर लावून न्यावं लागेल. त्यांना ते नको असेल तर त्यांनी सरळ गोल्गोला राहावं. दोराशिवाय तीन चांगल्या वाटा आहेत: सांता मारिया ते पेद्रा लोंगा, गोल्गो ते गोलोरित्झे आणि परत, आणि सिसिने ते काला लूना. शेवटची चार-पाच तासांची, सावली बेताची. लूनाहून पुढे काला फुइलीमार्गे चालत काला गोनोने गाव गाठता येतं, हंगामात बोटही असते. तुम्ही सिसिनेला उतराल तेव्हा ते तिथे पाणी घेऊन थांबले तर तुमची एक बोट वाचेल.

प्रवासाचं: विमान ओल्बिया किंवा काल्यारीला. काल्यारी ते तोर्तोली (सांता मारिया नावारेझेजवळचं मोठं गाव) साधारण १४० किमी, सरकारी एआरएसटी बस आहे पण फेऱ्या मोजक्या, रविवारी आणखी कमी.

गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यायचा. छोट्या गावांतल्या दुकानांत काम्पिंगाझ कंपनीचे निळे, आट्या नसलेले डबे जास्त दिसतात. तुमची शेगडी आट्यांची असेल तर ते बसत नाहीत. अडॅप्टर सोबत आणा किंवा काल्यारीतल्या क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानात आट्यांचा २३० ग्रॅमचा डबा घ्या. दिवसातून एकदाच गरम शिजवणाऱ्या चौघांना पाच दिवसांत असे दोन लागतात.